कोरडवाहू माणसांची जलयात्रा

आमच्या शाखेतल्या कॅशियरच्या टेबलावरच्या काचेखाली तीन गोष्टी असायच्या. तुळजाभवानीचा फोटो, बँकेच्या सुट्ट्यांची यादी आणि कुठल्याशा कॅलेंडरमधून कापून घेतलेलं एका पांढऱ्याशुभ्र जहाजाचं चित्र. सुट्ट्यांची यादी दरवर्षी बदलायची. जहाज मात्र तेच. कॅशियरची बदली कळंबहून उमरग्याला झाली, तेव्हा जहाजही उमरग्याला गेलं.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, तरी मी अधिकारी म्हणून मला ते 'साहेब' म्हणत. गाव नळदुर्ग. लहानपणी त्यांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे किल्ल्यातला बोरी नदीवरचा बंधारा. आदिलशाहीत बांधलेला, पोटात पाणीमहाल असलेला. चांगला पाऊस झाला की त्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि सारा परिसर ते बघायला लोटतो. अण्णा म्हणायचे, "साहेब, हे एवढंसं पाणी बघायला माणूस येडा होतो. ज्याला काठच नाही ते पाणी कसं असंल? रिटायर झालो की बोटीत बसायचं. चौघं जाऊ."

मी मान डोलवायचो. कर्जदाराला 'बघू' म्हणतात तशी.

खरं सांगायचं तर समुद्राशी माझं नातं लबाडीचंच होतं. माझ्या एका कादंबरीत चांगली चाळीस पानं समुद्र आहे. तो मी कळंबच्या शाखेत, दुष्काळी तगाईच्या फाइली बाजूला सारून, गॅझेटिअर आणि ऐकीव माहितीवर लिहिला. त्याचं कौतुकही झालं. तोवर मी समुद्र पाहिला होता तो गिरगाव चौपाटीवर, तोही हातात भेळेची पुडी धरून.

२०१९ च्या अखेरीस आम्ही दोघंही निवृत्त झालेलो होतो आणि अण्णांनी एक दिवस जाहिरातीचं कात्रणच आणून समोर ठेवलं. मुंबईहून निघायचं, गोवा करून मुंबईला परत. २०२० च्या एप्रिलचं आरक्षण झालं, चौघांचे पैसे भरले. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' नावाचं जहाज साडेतीन हजारांहून अधिक माणसांसह अडकवून ठेवल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या. अण्णांचा फोन आला, "साहेब, आपली बोट जाईल ना हो?" पुढच्याच महिन्यात बोटच काय, एसटीसुद्धा थांबली.

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, अण्णा गेले. दवाखान्यात जाताना फोनवर म्हणाले होते, "पैसे परत मागू नका. तारीख पुढची घ्या."

मी पैसे परत मागितले. तीस वर्षं लोकांची येणी वसूल करण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःचं येणं वसूल करायला सव्वा वर्ष लागलं आणि तेही एक तृतीयांश कापून आलं. एजंटाचं नाव लिहीत नाही. चूक माझीही होती. रद्द करण्याच्या अटी पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होत्या आणि मी त्या वाचल्या नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना 'वाचून सही करा' म्हणत आलो. वाचकांनी एवढं करावं: प्रवास आपण रद्द केला तर किती मिळणार, कंपनीने रद्द केला तर किती मिळणार, आणि पैसे मिळणार की पुढच्या प्रवासाची नुसती चिठ्ठी मिळणार, या तीन प्रश्नांची उत्तरं आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्यावीत.

अण्णांच्या वाट्याची रक्कम मी वहिनींकडे नेऊन दिली. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. देव्हाऱ्याजवळ ठेवल्या. २०२३ च्या दिवाळीत आम्ही फराळाला गेलो तेव्हा पाकीट तिथंच होतं. आमच्या सौभाग्यवतींनी ते उचललं आणि म्हणाल्या, "ताई, हे बोटीचे पैसे आहेत. ह्याचं दुसरं काही करायचं नाही."

वहिनींनी आधी 'नको' म्हटलं. मग 'लोक काय म्हणतील' म्हटलं. ते खरंच होतं. नवरा जाऊन अडीच वर्षं झालेली बाई तुळजापूरला गेली तर कुणी काही बोलत नाही, पंढरपूरला गेली तर हातही जोडतात. बोटीवर गेली तर? माझ्या धाकट्या भावाने वेगळाच हिशेब काढला. "दादा, एवढ्या पैशात दोन एकराला ठिबक झालं असतं." त्याचंही खरं होतं.

मला मात्र पंडिता रमाबाई आठवत होत्या. पती गेल्यानंतर सव्वा वर्षाने, १८८३ साली, चिमुकल्या मनोरमेला घेऊन त्या बोटीने इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासावर त्यांनी मराठीत लिहिलंही. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, नवरा सोबत नसताना. समुद्र ओलांडला की जात बाटते असं म्हणणाऱ्यांचा तो काळ. एकशेचाळीस वर्षांनी आम्हाला गोव्यापर्यंत जायला धीर गोळा करावा लागत होता.

आता पैशाचं बोलतो, कारण याबाबत जाहिराती मोघम असतात. जाहिरातीतला आकडा होता माणशी २२,००० रुपये. त्यात बंदराचे आकार, नोकरवर्गाची बक्षिसी आणि जीएसटी मिळवल्यावर तो ३१,००० झाला. शिवाय हे 'माणशी' म्हणजे एका केबिनमध्ये दोघं धरून. एकट्या माणसाने केबिन घेतली तर जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. जहाजांच्या धंद्यात सगळीकडे हीच रीत आहे. त्यांच्या हिशेबात माणसं जोडीनेच जन्मतात आणि जोडीनेच मरतात. वहिनी हे ऐकून गप्प झाल्या. सौ. म्हणाली, "त्यात काय? आम्ही दोघी एका खोलीत. तुम्ही एकटे राहा." अशा रीतीने दोघींना समुद्राकडची गोल खिडकी असलेली केबिन मिळाली. पैसे वाचवावेत म्हणून मी स्वतःसाठी आतल्या बाजूची, खिडकी नसलेली घेतली. तिलाही दोघांचं भाडं पडलंच.

आतली केबिन वाईट नसते. झोपायला तर उत्तम. फक्त दिवा मालवला की सकाळचे सात आणि रात्रीचे दोन सारखेच. ज्यांना हलणं सोसत नाही त्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. वरच्या मजल्यावर आणि टोकांना झोका जास्त बसतो. माझी केबिन पुढच्या टोकाला होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रात्री आम्ही धाराशिवला लातूर-मुंबई गाडीत बसलो. सौ.ने सवयीप्रमाणे कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी बांधून घेतली होती. घरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत हे मी वाचलं होतं, पण घरात सांगायचं धाडस झालं नव्हतं. सीएसएमटीवर उतरून ते सांगितलं. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. धक्क्याबाहेरच्या हमालांनी ती चटणी-भाकरी आनंदाने घेतली. लोणच्याची बरणी मात्र तपासणीपर्यंत आली आणि तिथंच राहिली. सौ. गोव्यापर्यंत तिची आठवण काढत होती.

देशातल्या देशात प्रवास असला तर आधार कार्डासारखं ओळखपत्र पुरतं, परदेशी बंदर असलं तर पासपोर्ट. औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठं सामान केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. आणि मोबाइल 'विमान' लिहिलेल्या खुणेवर टाकावा. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोन जहाजाच्या यंत्रणेला जोडला जातो आणि एका 'हॅलो'चं बिल घरी येऊन बसतं.

जहाजावर रोख चालत नाही. एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली आणि तेच खातं. चहा-जेवण भाड्यात धरलेलं, पण शीतपेयं, खास उपाहारगृहं, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली यांचं वेगळं. मी रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन खातेउतारा मागायचो. तिथल्या मुलीला पहिल्या दिवशी गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी तिने तो आधीच काढून ठेवला होता. ही सवय सर्वांनी लावून घ्यावी. शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून भांडण्यापेक्षा बरं.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते बघायचं. अर्धे लोक या वेळी फोटो काढत होते. वहिनींनी मात्र सगळं नीट विचारून घेतलं: आपली नाव कुठली, ती खाली कशी सोडतात, म्हाताऱ्या माणसाला आधी चढवतात का. मला 'रामदास' बोट आठवली. १७ जुलै १९४७, अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाचं नाव आजही निघतं. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जण दगावले, त्यानंतर तर ही कवायत जहाज निघण्यापूर्वीच उरकण्याचा दंडक झाला. ती कंटाळवाणी आहे. ती करावी.

संध्याकाळी जहाज हललं ते कळलंच नाही. मुंबई मागे सरकायला लागली तेव्हा कळलं. बंदराचा मार्गदर्शक जहाज बाहेर काढून देतो आणि मग चालत्या जहाजावरून दोराच्या शिडीने उतरून खालच्या छोट्या बोटीत जातो. आम्ही तिघं कठड्याशी उभे राहून तो माणूस उतरेपर्यंत श्वास रोखून होतो. वरच्या मजल्यावर गाणी सुरू झाली होती, पोरं पाण्याच्या घसरगुंडीवर होती. तो माणूस उतरताना बघणारे आम्ही सातआठच जण असू.

माझं मत असं झालं, की ही जहाजं माणसाला समुद्र विसरायला लावण्यासाठी बांधलेली असतात. नाचगाणी, जुगाराचे टेबल, दुकानं, जादूचे प्रयोग, चार वेळचं खाणं. सगळं आत, समुद्राकडे पाठ करून. काहींनी तीन दिवसांत समुद्र पाहिला तो फोटोच्या पार्श्वभूमीला. त्यांना दोष देत नाही. लेकरं खूश होती, आजी-आजोबांना बॅगा एकदाच उघडून एकदाच भरायच्या होत्या, रोज नवं हॉटेल नव्हतं, चढउतार नव्हता. कुटुंबासाठी ही सोय मोठी आहे. पण समुद्र बघायचा असेल तर पहाटे साडेपाचला उठून खालच्या मजल्यावरच्या उघड्या सज्जात जावं. तिथं खुर्च्या मोकळ्या असतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

जुन्या कोकण बोटींवर हे असं नव्हतं म्हणे. माझे एक देवगडचे सहकारी सांगायचे, डेकवर वळकटी पसरायची आणि रात्रभर समुद्र आणि चांदण्या. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, मालवण अशा बंदरांसमोर बोट थांबायची, किनाऱ्याकडून पडाव यायचे आणि माणसं, फणस, ट्रंका एकमेकांवर पडत उतरायच्या. ती सेवा बंद पडली. पुढं नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटॅमरान आली नि गेली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' आली, तीही फार टिकली नाही. आपल्या लोकांना समुद्राची हौस नाही असं म्हणतात. मला वाटतं, आपल्याला हौस आहे, पण परवडणारी बोट नाही. कोकण बोट हा प्रवास होता. हल्लीची ही जहाजं म्हणजे सहल.

पहिल्या रात्री वारा वाढला आणि चाळीस पानं समुद्र लिहिणारा कादंबरीकार पुढच्या टोकाच्या अंधाऱ्या केबिनमध्ये आडवा झाला. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते. मी ती मळमळल्यावर घेतली. डॉक्टरांना विचारून ती जवळ ठेवावी, पोट रिकामं ठेवू नये, आणि शक्य तर उघड्यावर जाऊन दूरच्या क्षितिजाकडे बघत बसावं. मी मध्यरात्री दोघींचं दार वाजवायला निघालो, तर आतून हसण्याचा आवाज. दोघी जाग्या होत्या. खिडकीशी बसून बोलत होत्या. मी दार न वाजवता परत आलो. अण्णा गेल्यापासून वहिनींचं हसणं ऐकलं नव्हतं.

पहाटे साडेपाचला सज्जात गेलो तेव्हा वहिनी आधीच तिथं होत्या. शाल घेऊन, कठड्यापासून दोन हात लांब उभ्या. पूर्वेला फटफटत होतं. चहूकडे नुसतं पाणी.

"भाऊजी, ह्याला खरंच काठ नाही हो," त्या म्हणाल्या.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला अण्णांचा शेवटचा फोन आठवत होता. तारीख पुढची घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी हिशेबी माणूस, पैसे परत घेऊन बसलो होतो. ते मी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं. तिथं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी शेजारीच उभी होते."

थोड्या वेळाने त्यांनीच विषय बदलला. जहाजावर आंघोळीला एवढं गोडं पाणी येतं कुठून? मी चौकशी करून ठेवली होती. समुद्राचंच पाणी यंत्राने गोडं करतात. कढवून वाफ थंड करतात किंवा दाबाने बारीक पडद्यातून गाळतात. वहिनींनी आदल्या दिवशी नळ सोडून बादली शोधली होती. बादली नव्हती. मग आंघोळ अर्ध्यात थांबवली, कारण नळ चालू ठेवून आंघोळ करायची सवयच नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बघायला लोक रुळांकडेला उभे होते. त्या मुलखातली माणसं आम्ही. पोहण्याच्या हौदातलं पाणी हिंदकळून डेकवर सांडायचं तेव्हा आम्हा तिघांचेही पाय आपोआप मागे सरायचे. आणि जेवणघरात भरलेली ताटं तशीच उचलली जाताना सौ. तिकडे बघतच नसे.

गोव्यात मुरगाव बंदरात सहा-सात तास मिळाले. एवढ्यात गोवा बघू नये. आम्ही टॅक्सी करून मंगेशीला गेलो आणि परतताना वाहतुकीत अडकलो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या टॅक्सीला उशीर झाला तर थांबत नाही. शिडी उचलायला वीस मिनिटं असताना आम्ही पोचलो. टॅक्सीवाला कोकणीत काही म्हणाला. तो रागावला होता की हसत होता, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर मी वहिनींना तेरची गोष्ट सांगितली. आमच्या धाराशिवजवळचं तेर, गोरोबाकाकांचं. दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाने एवढं प्रसिद्ध होतं, की एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड, मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायची आणि तिथून जहाजांत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. तिथं मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना अभ्यासक पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी करतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सामान गेलं, माणसं नाही गेली." मी यावर काही बोललो नाही. विणणारी माणसं गेली नसावीत हे खरंच.

मुंबईला पहाटे शिरताना खांदेरीचा दिवा दिसला. तिघांचा सगळा खर्च रेल्वे, टॅक्सी, प्रवास विमा धरून सव्वा लाखाच्या घरात गेला. पुन्हा जायचं तर मी मधल्या भागातली केबिन घेईन, तीन रात्रींऐवजी एक बंदर कमी आणि एक दिवस जास्त समुद्र असलेली सफर बघेन आणि पावसाळ्याच्या तोंडावर जाणार नाही. भावाचं ठिबक या वर्षी करून दिलं. म्हणजे अर्ध्या खर्चाला हातभार लावला.

गावी परतल्यावर वहिनींनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, 'डोळे दाखवायला मुंबईला गेले होते.' आम्हीही तेच सांगत राहिलो. पुढच्या महिन्यात संक्रांत आली. सौ.ने हळदीकुंकवाला वहिनींना बोलावलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा आम्ही पेपरात वाचून वाहवा केली होती. स्वतःच्या घरात बोलावणं पाठवायला आणखी दोन संक्रांती गेल्या. त्या आल्या. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला. बाया जरा अवघडल्या होत्या. त्यातल्या एकीने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ताई, डोळ्याचं काय म्हणाले मग मुंबईचे डॉक्टर?"

मी आतल्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. बाहेर क्षणभर शांतता.

"डोळे कशाचे," वहिनींचा आवाज आला, "बोटीत बसायला गेले होते."

मग एकदम गलका झाला. किती दिवस, मळमळतं का, काय खायला देतात, आणि शेवटी तो प्रश्न, पैसे किती पडतात?

"जाहिरातीत बावीस हजार लिहितात," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एकतीस धरा. आणि लोणचं नेऊ नका."